लेंड्यांचा नकाशा

माझा राग नाकावर असतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला नवल वाटायला नको. माहेरी आई म्हणायची, ही पोरगी काय सासरी नांदायची नाय. नांदले, आणि चांगली नांदले. आयुष्यात जी एक गोष्ट केली म्हणून मी आजही मान वर करून चालते, तीसुद्धा त्या रागाच्या पायीच झाली. आता मी पोराकडं शहरात राहते. नात म्हणाली, आज्जी तेच तेच सांगतीस, एकदा लिहून काढ की. म्हणून तिच्याच जुन्या वहीत लिहायला बसले.

आमची वस्ती सोयगाव तालुक्यात, गावापासून कोसभर लांब, डोंगराच्या पायथ्याला. अकरा घरं, सगळी मेंढरांवर जगणारी. गावातली घरं शेतीवाली, विहिरीवाली. आमच्याकडं जमीन म्हणाल तर नावापुरती, त्यातही निम्मे दगड. आमची दौलत चार पायांची. दिवाळी झाली की गडीमाणसं मेंढरं घेऊन पैठणच्या अंगाला उतरायची. धरणाचं पाणी मागं सरतं तशी काठची ओली जमीन उघडी पडते, तिथं चारा मिळतो. मिरग लागला की परत यायची आणि पावसाळ्याचे चार महिने मेंढरं आमच्या डोंगरावर चरायची. बाकीचे सात-आठ महिने वस्तीवर आम्ही बाया, लेकरं आणि म्हातारी माणसं. माझे सासरे त्या म्हाताऱ्यांत. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली मी पहिल्यांदा मेंढरांमागं गेलो, असं ते सांगायचे, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या सालापासून मोजायचे. मी सातवी झालेली. वस्तीवर कुणाचं पत्र आलं, कागद आला, की तो माझ्याकडं यायचा.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला गावात पाणलोटाची योजना आली. पावसाचं पाणी डोंगरावरच अडवायचं, उतारावर आडवे चर खणायचे, झाडं लावायची, म्हणजे खालच्या विहिरींना पाणी टिकेल. चांगलीच गोष्ट होती, मी कशाला वाईट म्हणू. शहरातल्या एका संस्थेची ताई आणि एक इंजिनियर साहेब जीपमधून यायचे. ताईचं एकच पालुपद असायचं, की आराखडा आम्ही करणार नाही, गाव करणार. सगळ्या गावानं बसून ठरवायचं.

आता सगळं गाव म्हणजे कोण? ग्रामसभेची दवंडी गावात फिरली. कोसभर चालत वस्तीवर येऊन सांगायला कोतवालाचे पाय दुखत होते. मी दोन दिवसांनी दळण घेऊन गिरणीवर गेले तेव्हा गिरणीवालीनं सांगितलं, की बाई, तुमचा डोंगर गेला. पाच वर्षं डोंगरावर ना कुऱ्हाड चालवायची ना जनावर न्यायचं, असं ठरलं. ही अट मान्य केली नाही तर योजनाच मिळत नाही, म्हणून सगळ्यांनी हात वर केले.

सगळ्यांनी म्हणे! दळण तिथंच टाकून मी घरी आले. पाच वर्षं डोंगर बंद म्हणजे पावसाळ्यात मेंढरं न्यायची कुठं? खाली सगळीकडं पेरण्या झालेल्या असतात. शेताच्या बांधावर मेंढरू दिसलं तरी लोक दगड मारतात. म्हणजे खांड विकायची, सगळा कळपच. आणि खांड विकल्यावर माझ्या नवऱ्यानं काय करायचं? दुसऱ्याच्या वीटभट्टीवर माती तुडवायची? त्या माणसाला हजार पावलांवरनं आपलं मेंढरू ओळखता येतं, पण सात वर्षं दाखवूनही घड्याळ कळत नव्हतं. त्याला मेंढरांपासून तोडायचं म्हणजे त्याचे हातपायच काढून घ्यायचे. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला.

सासरे म्हणाले, गडी येऊ दे, मग बघू. मी म्हणाले, मामा, गडी मिरगाला येणार. तोवर कागद तालुक्याला जाऊन शिक्के बसून परत येतील.

दोन दिवसांनी मारुतीच्या पारासमोर गावाचा नकाशा काढणार होते. मी गेले. जाताना डोक्यावर लेंडीखताची पाटी होती. वस्तीवर मागं राहिलेल्या दुबळ्या मेंढ्यांचं खत मी गावातल्या एका वांग्यावाल्याला घालायची. म्हणलं, एका खेपेत दोन कामं.

पारासमोर सडा घालून, सारवून, भलं मोठं चित्र मांडलं होतं. लई देखणं होतं, खोटं कशाला बोलू. रस्ते पांढऱ्या रांगोळीचे, नाला निळीचा, शेतं हळदीची, घरांच्या जागी गुलाल. वर डोंगर, हिरव्या रांगोळीनं गच्च भरलेला. आणि त्या एवढ्या मोठ्या डोंगरावर एक पायवाट नव्हती. आमची वस्ती तर कुठंच नव्हती. साहेबाला दोष देत नाही, तो परका माणूस. पण तिथं बसलेले निम्मे लोक दर साली आमच्या वस्तीवर रानात बसवायला मेंढरं मागायला येत होते.

मी विचारलं, आमची वस्ती कुठाय? सरपंच म्हणाले, अगं राहिली असंल, काढ की तूच. ते मनानं वाईट नव्हते, पण बोलले असं, जसं भाजीत मीठ राहिलंय. मी रांगोळीचा डबा मागितला. डबा रिकामा. सगळी हिरवी रांगोळी डोंगरात भरून संपली होती, आणि पांढरी रस्त्यांत.

माझं डोकं सटकलं. मी डोक्यावरची पाटी खाली घेतली, पदर खोचला आणि मूठ भरून लेंड्या घेतल्या.

पहिल्यांदा वस्ती मांडली, घराला एक अशा अकरा लेंड्या. मग तिथून वर खिंडीपर्यंत एक ओळ. एक म्हातारबुवा ओरडले, की देवासमोर घाण करतीस का? मी म्हणाले, बाबा, याच घाणीवर वांगी येतात, ती तुम्ही देवाला दाखवता, तेव्हा देव नाय कधी ओरडला. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. ताई मात्र हसली नाही. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, पुढं दाखवा.

मग मी दाखवलं. खिंडीतून वर गेलं की वाट फुटते. उजवीकडं उगवतीचा उतार, समोर माथा, डावीकडं मावळतीचा उतार. मिरगानंतर पहिल्यांदा उगवतीला चारायचं, श्रावणात माथ्यावर, भादव्यात मावळतीला. एका जागचं गवत खाली बसलं की तिथून मेंढरं उठवायची आणि वर्षभर तिथं फिरकायचं नाही. हे आमच्या कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण मोडलेलंही नव्हतं. आम्ही अडाणी असू, पण उद्याचं गवत आज खाऊन उपाशी मरण्याइतके खुळे नव्हतो. मी लेंड्यांनी डोंगराचे तीन भाग पाडले आणि म्हणाले, सगळा बंद कशाला करता? एक भाग बंद करा. तिथं चर खणा, झाडं लावा. दोन वर्षांनी ती झाडं गुडघ्याच्या वर गेली की तो मोकळा करा आणि दुसरा घ्या. राखण आम्ही करतो. तुमचा वॉचमन किती दिवस राहील डोंगरावर? आम्ही तिथंच राहतो.

साहेब कागद काढून काहीतरी मांडत होता. तो म्हणाला, उद्या डोंगर चढून बघू. दुसऱ्या दिवशी तो, ताई, सरपंच, चार शेतकरी, मी आणि काठी टेकत सासरे, असे सगळे वर गेलो. साहेबाच्या कागदावर एक चर बरोबर खिंडीतून आडवा जात होता. सासऱ्यांनी काठी तिथं रोवली आणि सांगितलं, की सगळ्या डोंगराचं पाणी इथूनच उडी मारतं, इथं खणाल तर पहिल्या पावसात चर गाळानं भरेल. साहेबानं आजूबाजूचे दगड बघितले, खालची माती हातात घेतली आणि चराची खूण वर सरकवली. खिंड मेंढरांना मोकळी राहिली. वाद घालायला मी दम भरून ठेवला होता, तो तसाच राहिला.

संध्याकाळच्या सभेत ताईनं सांगितलं, की एक भाग कायम बंद राहिला तरी योजनेला चालतं, आणि तीन भागांचं मंजूर झालं. पहिला भाग उगवतीचा, कारण गावच्या विहिरी त्याच अंगाला. नेमका तोच, जिथं आमची मेंढरं मिरगाला पहिल्यांदा तोंड घालतात. मी तरी मान हलवली. मग सरपंच उठले आणि त्यांनी सगळ्यांदेखत अट घातली.

"बंद भागात एक जरी मेंढरू दिसलं, तर सगळा डोंगर बंद. मंजूर?"

आमच्या बाजूनं हो म्हणणारा एक गडी तिथं नव्हता. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, मंजूर. कागदावर सही केली, ती माझ्या नावाची. अक्षर चांगलं आलं.

तो सगळा उन्हाळा आम्ही वस्तीच्या बायांनी उगवतीचे चर खणले. हाताला फोड आले, ते फुटले, परत आले. सीताफळाच्या बिया लावल्या, चराच्या भरावावर गवताचं बी टाकलं. पैठणकडं जाणाऱ्या एका माणसाजवळ मी नवऱ्याला निरोप धाडला होता. पण आमचे लोक कधीच पुढच्या गावी सरकले होते, त्यांची गाठच पडली नाही. हे मला नंतर कळलं.

मिरग लागून दोन दिवस झाले असतील. वळवाच्या दोन सरींवर उगवतीच्या उतारावर पोपटी गवत आलं होतं. दुपारी पोरगं पळत आलं, की आपली मेंढरं आली, नाल्याच्या पल्याड दिसतायत. मी भाकरी तव्यावर टाकली होती, ती तशीच ठेवून निघाले. वस्तीच्या मागनं चढून खिंडीत त्यांच्या आधी पोहोचले आणि उजवीकडच्या वाटेवर उभी राहिले.

मेंढरं आली. आणि ती नुसती आमची नव्हती. आमच्या खांडेच्या मागं तेवढीच दुसरी खांड होती, आणि त्या खांडेसोबत माझ्या नणंदेचा नवरा. म्हणजे घरचा जावई. वाटेत भेटले, चारा संपला म्हणाले, तेव्हा माझ्या नवऱ्यानं मोठ्या मनानं म्हणून टाकलं, चला आमच्या डोंगरावर. आमच्यात पाव्हण्याची मेंढरं परत लावत नाहीत. आपली उपाशी ठेवतील, पण पाव्हण्याची परत लावणार नाहीत. आणि जावयाची? ते तर कुणी कानानं ऐकलंसुद्धा नव्हतं.

नवरा सात महिन्यांनी दिसत होता. काळवंडला होता, दाढी वाढली होती. मला बघून हसला. मग मी वाट अडवून उभी आहे हे त्याला कळलं.

मी भरभर सगळं सांगितलं. नकाशा, तीन भाग, अट, सही. आधी मिरगाला उजवीकडं चारायचो, आता दोन साल डावीकडं. तो ऐकत होता आणि त्याचं तोंड बदलत होतं. जावई मागं काठीवर हनुवटी टेकून उभे होते, इकडं न बघता.

"बाजूला हो," नवरा म्हणाला. "जावयाची मेंढरं हायेत. त्यांच्यासमोर माझी मान खाली घालतीस?"

"मी जबान दिलीया."

"कुणाला इचारून?"

"इचारायला होतं कोण?"

त्यानं खाली बघितलं. खाली सरपंचाच्या विहिरीवर पाच-सहा माणसं उभी राहून वर बघत होती, आणि त्यात सरपंच होते. एक मेंढरू उजवीकडं गेलं असतं तरी ते सगळ्यांना दिसलं असतं. आमच्या पुढच्या मेंढ्यांना गवताचा वास लागला होता, त्या माझ्या गुडघ्यांना धडका देत होत्या. हीच मेंढरं वाचवायला मी हे सगळं केलं होतं आणि आता त्यांनाच अडवत होते. पण मी हलले नाही.

आमची खांड डावीकडं गेली असती. पण माथ्यावर गवत यायचं होतं, आणि नुसत्या मावळतीच्या उतारावर दोन्ही खांडांचं भागलं नसतं, आणि नवऱ्याचं दुखणं तेच होतं. तेव्हा माझ्या ध्यानात खालचं सरपंचाचं रान आलं. नांगरून पडलेलं, बांधाला कोवळं गवत, पेरणीला अजून आठ-दहा दिवस अवकाश, तोवर माथ्यावरही गवत आलं असतं. खालची माणसं काय वर येऊन पेरणीआधी मेंढरं बसवा म्हणून आमची मनधरणी करत नव्हती का दर साली? मेंढरं रानात बसली की लेंड्या-मुतानं जमीन कसदार होते. मी नवऱ्याला म्हणाले, तुम्ही घटकाभर मेंढरं इथं धरा, तुम्हाला माझी आण आहे. आणि खाली धावले.

रीत अशी, की शेतकऱ्यानं नारळ घेऊन यायचं आणि मेंढरांना बोलवायचं. मेंढराच्या मालकानं कुणाच्या दारात जाऊन माझी मेंढरं बसवून घ्या म्हणायचं नाही, त्यात बाईनं तर नाहीच. मी धापा टाकत विहिरीवर पोचले आणि सरपंचांना म्हणाले, "दादा, रान नांगरून पडलंय. वर जावयाची खांड उभी हाय. पेरणीपतोर बसवून घ्या."

मी काही खैरात मागत नव्हते, खत त्यांनाच मिळणार होतं. तरी ते नाही म्हणाले असते तर माझं तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते क्षणभर वर खिंडीकडं बघत राहिले. दोन्ही खांडा एका जागी थांबलेल्या दिसत होत्या. मग त्यांनी गड्याला घरी पिटाळलं आणि नारळ मागवला. म्हणाले, तू आलीस ते मी बघितलंच नाही. बोलवायला मी येतो.

साठीचा माणूस, दम लागत होता, पण ते स्वतः खिंडीपर्यंत चढून आले. जावयाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, पाव्हणं, आमच्या रानाला तुमच्या मेंढरांची गरज हाय, चला. जावयाची हनुवटी काठीवरनं उचलली गेली. त्यांनी नारळ कपाळाला लावला. त्यांची खांड खाली वळली आणि आमची डावीकडं. उजवीकडच्या गवताला त्या दिवशी एक दात लागला नाही.

नवरा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. भाकरी मुकाट खायचा, घोंगडी उचलून मेंढरांमागं जायचा. मीही बोलले नाही. मीच का बोलावं? सासरे दोघांकडं बघून मिशीत हसायचे. पंधराव्या दिवशी नवरा आपसूक म्हणाला, उगवतीच्या चरांत पाणी थांबलंय, बघितलंस का? मी म्हणाले, खणले कुणी?

दुसऱ्या उन्हाळ्यात सरपंचाची विहीर आटली नाही, गावाला टँकरची वाट बघावी लागली नाही. दोन सालांनी उगवतीचा उतार मोकळा केला तेव्हा गवत एवढं होतं, की मेंढरं आत शिरली आणि दिसेनाशी झाली, नुसतं गवत हलताना दिसायचं. त्या दिवशी वस्तीवर आम्ही पुरणपोळ्या केल्या. मग माथा बंद केला, त्याच्यानंतर मावळतीचा उतार. एकदाही कुणाचं मेंढरू बंद भागात गेलं नाही. आमच्या पोरांनीच राखलं, गावाला वॉचमन लागला नाही.

गावानं नकाशा पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतला. ताईनं पेंटरला बजावलं होतं, की जमिनीवर जसा होता तसाच काढायचा. त्यानं आमच्या वस्तीला अकरा काळे ठिपके दिले आणि तिथून खिंडीपर्यंत, मग डोंगरभर, काळ्या ठिपक्यांच्या ओळी काढल्या. हे काय आहे म्हणून तो विचारत होता. मी सांगितलं तेव्हा त्यानं ब्रश खाली ठेवला होता, मग परत उचलला.

पुढं बाहेरगावचे लोक तो नकाशा बघायला यायला लागले. एकदा दोन गाड्या भरून माणसं आली, साहेब लोकही होते. ताईनं विचारलं, कोण समजावून सांगेल? मी पदर सावरून पुढं होणार, तोच गर्दीतून माझा नवरा पुढं झाला. हा माणूस कधी सभेत तोंड उघडत नाही. घोंगडी खांद्यावर, हातात काठी. त्यानं काठीचं टोक भिंतीवर खिंडीच्या ठिपक्यावर टेकवलं.

"इथं हिनं मला अडवलं होतं," तो सगळ्यांना म्हणाला. "जावयासकट. म्हणून आमचा डोंगर राहिला."

मला बोलायचं होतं ते सगळं विसरले. पदर तोंडाला लावला आणि भिंतीवरचे ते ठिपके बघत उभी राहिले.